नमुन्याचा फेरफार



संगणकांवर देखरेख ठेवणारं सॉफ्टवेअर हा विषय मी सुचवला, तेव्हा संयोजकांनी एकच अट घातली. समोर बसलेल्या माणसाला त्याच्या रोजच्या कामातलं काहीतरी ऐकू आलं पाहिजे. अट सोपी निघाली. माझं पोट ज्या कामावर चालतं, त्यातले बहुतेक प्रश्न महसूल खात्याला, हवामान खात्याला आणि साखर कारखान्यांना माझ्या जन्माआधीच पडलेले आहेत. काहींची उत्तरंही त्यांनी शोधली आहेत. ती आमच्या लोकांना ठाऊक नाहीत, एवढंच.

पासष्ट मिलिमीटरपासून सुरुवात करतो. या आकड्याचं वजन इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मग पंचनामे, याद्या आणि पुढचं सगळं. ६४ झाला तर नाही. पावसाला अर्थातच अशी रेघ माहीत नसते. पण कुठेतरी रेघ ओढल्याशिवाय सरकारला काम करता येत नाही आणि संगणकालाही. आमच्या धंद्यात या रेघेला थ्रेशोल्ड म्हणतात आणि ती ओलांडल्यावर जी बोंब होते तिला अलर्ट.

आता हा ६५ येतो कुठून ते पाहू. साध्या पर्जन्यमापकात वर फनेल आणि खाली बाटली असते. सकाळी बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतून आकडा वाचायचा. आपल्याकडच्या प्रमाणित मापकांत फनेलच्या तोंडाचं क्षेत्रफळ दोन प्रकारचं आढळतं : १०० चौरस सेंटिमीटर आणि २०० चौरस सेंटिमीटर. प्रत्येकाचं मोजपात्र वेगळं. शंभरच्या फनेलमध्ये एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनसेंटिमीटर पाणी, दोनशेच्या फनेलमध्ये २०. मोजपात्र फुटलं आणि कुणी कपाटातलं दुसरं उचललं, तर शंभरच्या फनेलखाली पडलेला ७० मिलिमीटर पाऊस नोंदवहीत ३५ म्हणून जातो. नोंदवहीत खाडाखोड नाही, सही आहे, तारीख आहे. बाहेरून आलेल्या तपासनिसाला त्यात काहीच वावगं दिसणार नाही.

२०१७ पासून महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा ही माहिती ती दर दहा मिनिटांनी पाठवतात. माणूस गेला म्हणून हा प्रश्न गेला असं वाटेल. तो फक्त आत सरकला. अशा यंत्रांत सहसा दोन कप्प्यांची छोटी बादली असते. एक कप्पा भरला की ती उलटते आणि यंत्र एक आकडा पुढे मोजतं. काही यंत्रांत एका उलटण्याला ०.२ मिलिमीटर धरतात, काहींत ०.५. समजा, ०.५ चं यंत्र बिघडलं म्हणून त्या जागी ०.२ चं बसवलं आणि पलीकडच्या संगणकातला गुणक कुणी बदलला नाही. रात्रीत बादली १३५ वेळा उलटली. खरा पाऊस २७ मिलिमीटर, नोंदला गेलेला ६७.५. मंडळात अतिवृष्टी जाहीर! यंत्र धडधाकट, संगणक चालू, दोघांमधली तारही शाबूत. दोघांनी एकमेकांशी केलेला करार तेवढा मोडला आणि तो कुठे लिहूनच ठेवलेला नव्हता.

दिवस कधी सुरू होतो हाही त्या कराराचाच भाग. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. संगणकाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर तो मध्यरात्री दिवस बदलतो. रात्री दहा ते दोन पाऊस झाला, मध्यरात्रीपूर्वी ४० आणि नंतर ३८ मिलिमीटर. साडेआठच्या हिशोबानं ७८, म्हणजे अतिवृष्टी. मध्यरात्रीच्या हिशोबानं दोन दिवस चांगला पाऊस झाला, बस्स. दोन्ही हिशोब बरोबर आहेत. पण एका तक्त्यात मागची दहा वर्षं साडेआठची आणि पुढची मध्यरात्रीची आली, की त्या तक्त्यावरून काढलेला कुठलाही निष्कर्ष कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा.

नोंदीमागच्या या कराराला आमच्या क्षेत्रात स्कीमा म्हणतात. मी त्याला नमुनाच म्हणेन, कारण सातबाऱ्याच्या गावात राहणाऱ्याला नमुना म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. रकाने कोणते, त्यांत काय लिहायचं, कुठल्या एककात, कुठल्या वेळेचं, आणि रिकामं सोडलं तर त्याचा अर्थ काय.

आता संगणकांकडे. बँकेचे व्यवहार असोत की विजेची बिलं, मागे शेकडो यंत्रं चालू असतात. त्या प्रत्येकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. प्रोसेसर किती व्यग्र आहे, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, हे तो दर काही सेकंदांनी सांगत राहतो. हे आकडे एका मध्यवर्ती ठिकाणी साठतात, त्यांचे आलेख पडद्यावर दिसतात आणि रेघ ओलांडली की ड्यूटीवरच्या माणसाचा फोन वाजतो. या कामासाठी आज सर्वात जास्त वापरात असलेल्या प्रणालींपैकी एक म्हणजे प्रोमीथियस. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये तिचं काम सुरू झालं. यंत्राचे आकडे तिला पुरवणारा जो प्रोग्रॅम असतो त्याचं नाव नोड एक्स्पोर्टर.

२०१८ मध्ये या नोड एक्स्पोर्टरची ०.१६ क्रमांकाची आवृत्ती आली. बनवणाऱ्यांनी एक चांगलं काम हाती घेतलं होतं. मोजमापांची नावं वर्षानुवर्षं वेडीवाकडी साठली होती, ती नियमात बसवायची, एकक नावातच घालायचं. म्हणून जे आधी नुसतं 'नोड_सीपीयू' होतं ते 'नोड_सीपीयू_सेकंड्स_टोटल' झालं, आणि मेमरीच्या नावांमागे 'बाइट्स' लागलं. मला विचाराल तर निर्णय शंभर टक्के योग्य होता. पर्जन्यमापकाच्या मोजपात्रावर फनेलचं माप कोरून ठेवण्यासारखंच हे. पण जगभर हजारो ठिकाणी आलेख आणि अलर्ट जुन्या नावावर लिहिलेले होते. नवी आवृत्ती बसताच ते जुन्या नावानं हाका मारत राहिले आणि त्या नावाचं कुणी उरलंच नव्हतं.

इथं काय घडतं ते नीट पाहिलं पाहिजे. अलर्टचा नियम असतो : अमुक मोजमाप ९० च्या वर गेलं तर फोन कर. त्या नावाचं मोजमापच नसेल तर प्रोमीथियस चूक दाखवत नाही आणि शून्यही मानत नाही. त्याला रिकामा संच मिळतो. रिकाम्या संचात ९० च्या वर काहीच नसतं, म्हणून फोन वाजत नाही. आलेखावर निदान 'नो डेटा' अशी पाटी येते. पण अलर्टला पाटी नसते. सगळं ठीक असतानाची शांतता आणि पहारेकरीच नसल्याची शांतता यांत बाहेरून काडीचा फरक नाही. नोड एक्स्पोर्टरच्या लोकांनी याची कल्पना ठेवली होती, हे मान्य करायला हवं. जुनी नावं काही काळ चालू ठेवण्यासाठीचे नियम त्यांनी सोबत दिले होते. ज्यांनी सूचना वाचली त्यांना त्रास झाला नाही. पण सूचना वाचून मग आवृत्ती बदलणारी माणसं आमच्या धंद्यात किती, हा प्रश्न मी या सभागृहात विचारत नाही.

प्रोमीथियसमध्ये यासाठी 'ॲब्सेंट' नावाचं एक साधं फंक्शन आहे. हे मोजमाप येतच नसेल तर ओरड, असं त्याला सांगता येतं. प्रत्येक महत्त्वाच्या अलर्टसोबत हा दुसरा अलर्ट लिहिला पाहिजे असं माझं मत आहे, आणि सहकारी त्याला कंटाळतात.

शून्य आणि रिकामी जागा यांतला हा फरक नोंदवह्या ठेवणाऱ्यांना जुना आहे. पाऊस पडला नाही तर शून्य. थेंब पडले पण ०.१ मिलिमीटरही भरले नाहीत, तर हवामान खातं त्याला 'ट्रेस' म्हणतं आणि तसंच लिहितं. निरीक्षक रजेवर होता तर जागा रिकामी. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वह्या संगणकात भरताना कुणीतरी उत्साही माणूस सगळ्या रिकाम्या जागांत शून्य भरतो, आणि रजेचे दिवस कोरडे दिवस होऊन बसतात.

आमच्याकडे यंत्रांच्या नोंदी, म्हणजे लॉग, शोधायला इलॅस्टिकसर्च वापरतात. त्यात एखाद्या रकान्याचा प्रकार आधी सांगितला नाही, तर पहिली नोंद पाहून ते स्वतःच अंदाज बांधतं. पहिल्या नोंदीत २०० आलं, म्हणजे हा आकड्यांचा रकाना. एकदा ठरलं की ठरलं, प्रकार बदलायचा तर नवा साठा करून सगळ्या नोंदी पुन्हा त्यात ओताव्या लागतात. मग एके रात्री सर्व्हर अडखळतो आणि त्या रकान्यात आकड्याऐवजी 'टाइमआउट' हा शब्द येतो. तो आकडा नाही, म्हणून नोंद नाकारली जाते. म्हणजे सगळं सुरळीत असतानाच्या लाखो नोंदी जपल्या जातात आणि बिघाडाची नोंद तेवढी दाराबाहेर राहते.

आकडा दिसतो म्हणून तो आकडा असतोच असंही नाही. आपल्या जुन्या उताऱ्यांवर क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिलेलं असायचं. २.३० म्हणजे दोन एकर तीस गुंठे, कारण एकराचे गुंठे चाळीस. २.३० आणि १.२० ची बेरीज कुठलाही संगणक ३.५० करेल. गावातला म्हातारा ती ४.१० करेल आणि म्हातारा बरोबर. हेक्टर-आरमध्ये शंभर आरांचा एक हेक्टर असल्यानं टिंब खरंच दशांशाचं ठरलं आणि हा घोळ मिटला. पण कागद तसेच राहिले, आणि जुन्या वाटण्यांची भांडणं अजून त्या कागदांवरच चालतात.

आपल्या नगर जिल्ह्यात इतके साखर कारखाने असताना उसाकडे वळलो नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. २०१७-१८ च्या हंगामात एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असलेला दर, टनाला २५५० रुपये होती, २०१८-१९ मध्ये २७५० झाली. बातमी काय, तर टनामागे दोनशेची वाढ. पण त्याच वर्षी हा दर ज्या साखर उताऱ्याला धरतात तो पायाभूत उतारा साडेनऊ टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर नेला गेला. आधीच्या हंगामात साडेनऊच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे २६ रुपये ८० पैसे जास्त मिळत. म्हणजे दहा टक्के उताऱ्याच्या उसाला जुन्याच सूत्रानं २६८४ रुपये बसत होते. खरी वाढ ६६ रुपयांची. उतारा २००९ च्या लगेच आधी नऊला धरायचे आणि २०२२-२३ पासून तो सव्वादहाला धरतात. गेल्या वीस वर्षांच्या ऊसदराचा आलेख पायाभूत उताऱ्याशिवाय छापणाऱ्याला मी अडाणी म्हणेन. काही वेळा तो अडाणी नसतो, हे वेगळं.

संगणकाच्या जगात याचा जुळा भाऊ आहे. लिनक्समध्ये 'फ्री' ही आज्ञा दिली की मेमरीचा हिशोब दिसतो, त्यात 'यूज्ड' असा एक रकाना आहे. पूर्वी या रकान्यात कॅशसाठी तात्पुरती वापरलेली मेमरीही धरली जायची. २०१४ च्या सुमारास त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि कॅश त्यातून वगळली गेली, सोबत 'अव्हेलेबल' नावाचा नवा रकाना आला. बदल पुन्हा योग्यच होता, कारण जुना आकडा लोकांना उगाच घाबरवायचा. पण रकान्याचं नाव तेच राहिलं आणि अर्थ बदलला. यंत्र अद्ययावत केल्यावर दुसऱ्या दिवशी मेमरीचा वापर धाडकन उतरलेला दिसतो, आणि एखाद्या बैठकीत कुणीतरी त्याचं श्रेयही घेऊन जातं. नमुन्यात नवा रकाना वाढवणं स्वस्त असतं. जुन्या रकान्याचा अर्थ त्याच नावाखाली बदलणं हा माझ्या मते या धंद्यातला सर्वात मोठा गुन्हा आहे, कारण नाव बदललं तर निदान 'ॲब्सेंट' ओरडतो, अर्थ बदलला तर कुणीच ओरडत नाही.

नावाचा विषय निघालाच आहे. आपल्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव बदलण्याला राज्य मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अहिल्यानगर हे नाव अधिकृत झालं. चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यातली, अहिल्यादेवींचा जन्म तिथला, त्यामुळे नावामागची भावना सांगायची गरज नाही. मी फक्त तक्त्यांचं बोलतो. ज्या कुणी जिल्ह्याचं नाव हीच जिल्ह्याची ओळख मानून तक्ते बांधले होते, त्यांच्याकडे त्या महिन्यापासून दोन जिल्हे झाले. एक अचानक संपलेला, दुसरा मागचा इतिहासच नसलेला. ज्यांनी जनगणनेचा क्रमांक वापरला त्यांचं काही अडलं नाही. २०११ च्या जनगणनेत आपला क्रमांक ५२२ आहे. गंमत म्हणजे त्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत अहमदनगरचं स्पेलिंगही जिल्हा प्रशासनाच्या स्पेलिंगपेक्षा एका अक्षरानं वेगळं होतं. म्हणजे नावावर विसंबणाऱ्याकडे तेव्हाच दोन जिल्हे होते. गाड्यांवरचं एमएच १६ तसंच आहे, श्रीरामपूरचं एमएच १७ ही तसंच.

गुगलनं २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं प्रोटोकॉल बफर्स नावाचं तंत्र आहे. संगणकांनी एकमेकांना नोंदी पाठवताना त्यात रकान्याचं नाव जातच नाही, क्रमांक जातो. नाव हवं तेव्हा बदला. क्रमांकाला हात लावायचा नाही, आणि रकाना रद्द केला तर त्याचा क्रमांक राखून ठेवायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. नाहीतर जुन्या यंत्राकडून आलेला दाब नव्या यंत्रावर तापमान म्हणून वाचला जाईल. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावासोबत गावाचा कोड आला तो याच कारणासाठी. एकट्या नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी, पिंपळगाव उज्जैनी, पिंपळगाव कौडा आणि पिंपळगाव लांडगा आहेत.

क्रमांकानंही सगळं सुटत नाही. राहाता तालुका १९९९ साली झाला आणि शेजारच्या तालुक्यांतली गावं त्यात गेली. तालुक्यांचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवले की कोपरगाव आक्रसलेलं दिसतं. माणसं तिथंच आहेत, ऊस तिथंच उभा आहे, शीव तेवढी हलली. मोठा सर्व्हर तोडून त्याची कामं तीन छोट्या सर्व्हरांवर टाकली की आमच्या आलेखांवर नेमकं हेच उमटतं. इथं एकच उपाय : तालुक्याची बेरीज साठवायची नाही, गावाचा आकडा साठवायचा आणि बेरीज वाचताना करायची. बादलीच्या बाबतीतही तेच. ६७.५ मिलिमीटर साठवला असेल तर तो दुरुस्त करायला कुठलं यंत्र कधी बसलं ते शोधत बसावं लागतं. १३५ वेळा उलटली आणि यंत्र कुठलं, एवढंच साठवलं असतं, तर गुणक दुरुस्त केल्यावर मागचं सगळं आपोआप सरळ झालं असतं.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते. गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही.

जमीन विकली गेली, खातेदार वारला, वाटणी झाली. तलाठी थेट सातबाऱ्यावर नाव बदलत नाही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं २०२४ मध्ये ठरलं. गावात कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही.) आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते, तिला क्रमांक मिळतो. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण वेगळ्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर सातबाऱ्यावर नवं नाव लागतं, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात. नव्या नमुन्यात त्यावर आडवी रेघ येते, पण नाव वाचता येतंच. त्यामुळे कुठल्याही सातबाऱ्यावरून, क्रमांकाचं बोट धरून, पन्नास-साठ वर्षं मागे जाता येतं. या पद्धतीत किती पैसे खाल्ले जातात आणि किती नोंदी अडवल्या जातात यावर दुसरं व्याख्यान ठेवा, मी ऐकायला येईन. पण पद्धत म्हणून, बदल कसा नोंदवावा याचा इतका पूर्ण विचार मी संगणकांच्या पुस्तकांत फार कमी पाहिला आहे.

आमच्या संगणकांना हाच विचार एक मजला वर हवा आहे. सातबाऱ्याचा फेरफार नमुन्यात भरलेल्या माहितीचा होतो. आम्हाला नमुन्याचाच फेरफार नोंदवणारी वही हवी. कुठला रकाना कधी आला, कुणी आणला, त्याचं एकक काय, जुन्याला कंस कधी झाला, तोवर कोण तो वाचत होतं.

अशी वही बांधण्याचा एक मोठा प्रयत्न सध्या चालू आहे. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र येऊन २०१९ मध्ये ओपनटेलिमेट्री सुरू झालं. जगातल्या सगळ्या प्रणालींनी मोजमापांना एकाच नावानं हाक मारावी हा त्याचा एक उद्देश. २०२३ मध्ये त्यांनी वेबविनंत्यांची नावं पक्की केली, आणि त्यात 'एचटीटीपी.मेथड' चं 'एचटीटीपी.रिक्वेस्ट.मेथड' झालं. नोड एक्स्पोर्टरचंच दुखणं, पण या वेळी तयारी जास्त होती. प्रोग्रॅमला एक खूण देऊन नवी नावं मागता येत, किंवा काही काळ जुनी आणि नवी दोन्ही एकदम. मग एकेक आलेख, एकेक अलर्ट नव्या नावावर न्यायचा, जुनं नाव अजून कोण वाचतंय ते तपासायचं, आणि कुणीच उरलं नाही की कंस. दुप्पट नोंदी साठवायला पैसे लागतात आणि व्यवस्थापक कुरकुरतात. चावडीवरची नोटीस फुकट लागते, आमची लागत नाही. शिवाय ओपनटेलिमेट्रीच्या नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत तो नमुन्याच्या कुठल्या आवृत्तीत लिहिला आहे याचा पत्ता पाठवण्याची सोय आहे. वर्तुळातला फेरफार क्रमांक तो हाच.

नमुना सारखा बदलावा का, याबद्दल मी थोडा जुनाट आहे. आपल्या प्रत्येक सरकारी तक्त्याला शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, आणि सातबाऱ्यावर इतर अधिकारांचा. सोसायटीचा बोजा तिथं, विहिरीतला हिस्सा तिथं. नमुना बनवणाऱ्याला न सुचलेलं सगळं आयुष्य या रकान्यात मावतं. सॉफ्टवेअरवाल्यांना शेऱ्याची लाज वाटते, म्हणून ते दिसेल त्या गोष्टीचा रकाना करतात. इलॅस्टिकसर्चनं एका साठ्यात मुळात एक हजार रकान्यांची मर्यादा घातली आहे ती काही हौसेनं नाही. तीच गोष्ट शेऱ्यात पुन्हा पुन्हा येऊ लागली, आणि तिच्यावर कुणीतरी निर्णय घेऊ लागलं, की तिला रकाना द्यावा. तोवर शेराच बरा.

आणि रकाना तोच ठेवून लिहिणारा बदलला तर? १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद पूर्वी तलाठी करायचा, आता शेतकरी मोबाईलवर फोटो काढून स्वतः करतो. रकाना पिकाचा, एकक क्षेत्राचं, काहीच बदललं नाही. पण चावडीत बसून लिहिलेला कापूस आणि बांधावर उभं राहून लिहिलेला कापूस यांची एकच मालिका करता येईल का? माझं मत, नाही. २०२१ वर उभी रेघ मारावी आणि दोन्ही बाजूंनी वेगळं वाचावं. जुन्या नोंदी नव्या नमुन्यात बसवून 'सुधारायच्या' मोहाला बळी पडू नये. त्या त्यांच्या नमुन्यात, त्यांच्या एककात राहू द्याव्यात आणि रूपांतर वाचताना करावं.

जिथं जुन्या नोंदींचं स्थलांतर टाळताच येत नाही, तिथं काय करायचं तेही महसूल खात्यानं दाखवलं आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरवले गेले तेव्हा चुका राहिल्या. कुठे क्षेत्र जुळेना, कुठे नावं गळाली. जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्त्यांसाठी लोकांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, अजून झिजवतात. पण २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्यानं वाचायचा आणि ज्याची जमीन आहे त्यानं चूक सांगायची. कुठलाही प्रोग्रॅम ही तपासणी करू शकत नाही, कारण एकर आणि गट क्रमांक प्रोग्रॅमला माहीत असतात, बांध माहीत नसतो.

नमुना बदलल्यानंतर मी आता हेच करायला सांगतो. जुना आणि नवा आलेख एकाच पडद्यावर लावायचा आणि त्या यंत्राची रात्रपाळी करणाऱ्याला शेजारी बसवायचं. त्याला नमुना समजत नसला तरी चालतं. तो पडद्याकडे पाहतो आणि म्हणतो, "साहेब, हे मशीन रात्री दोनला एवढं गप्प नसतं, त्या वेळी बॅकअप चालतो." मग शोधायला बसलं की सापडतं. बॅकअप रोजच्यासारखाच चाललेला असतो, त्याच्या मोजमापाचं नाव मात्र गेल्या आवृत्तीत बदललेलं असतं.